सूरच्या डोलकाठीभोवती दोन लघू, दोन गुरू

ट ट टाऽ टाऽ.

साठ वर्षं होऊन गेली, पण पाध्ये मास्तरांच्या लाकडी रुळाचा हा आवाज माझ्या कानातून गेलेला नाही. वृत्तं शिकवताना लघू अक्षर आलं की ते रुळाच्या टोकाने टेबलावर टिचकी मारत आणि गुरू आलं की रूळ आडवा करून घासत नेत. "कविता आधी पायात शिरली पाहिजे, मग डोक्यात," असं त्यांचं म्हणणं. आम्ही मुलं बाकाखाली पायांनी ठेका धरायचो. त्याच पायांनी मी पुढे पस्तीस वर्षं सांगलीच्या बँकेत गेलो आणि आलो. याखेरीज त्यांनी काही पराक्रम केल्याचं मला आठवत नाही.

गेल्या जानेवारीत ते पाय ओमान देशातल्या सूर या गावी साठ-सत्तर माणसांसमोर नाचले. कसे, ते सांगतो. कुणाला जायचं असेल तर रस्त्याची आणि जेवणाचीही माहिती ओघात येईलच.

आमची मुलगी मेधा नवऱ्यासह मस्कतला रुवी भागात राहते. तिच्याकडे महिनाभर जायचं ठरलं, तेव्हा पहिली अडचण व्हिसाची नव्हती, देवधरांची होती. देवधर आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. आमच्याकडे खुर्ची सरकली की ते खालून काठीने छताला ठोकतात. अठरा वर्षं ठोकताहेत. त्यांच्या पत्नीचा आवाज मात्र मी कधी ऐकलेला नाही. जिन्यात भेटल्या की त्या मान हलवतात आणि पिशवी सावरून बाजूला होतात. घराची किल्ली द्यायला गेलो तर देवधर म्हणाले, "ओमानला? या वयात? आणि करणार काय तिथे?"

"बसणार," मी म्हणालो.

"मग इथे काय वाईट बसता?"

मी आयुष्यभर ज्यांना 'लोक' म्हणत आलो, त्या लोकांचा चेहरा साधारण देवधरांसारखाच आहे.

मस्कतला दोन आठवडे खरोखर बसलो. एकदा मत्रहच्या जुन्या बाजारात गेलो. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या एका गुजराती व्यापाऱ्याकडे आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे सुमनने, हळदकुंकवाच्या पुड्या आणि सुपाऱ्या घेतल्या. "अगं, परत सांगलीलाच जायचंय," मी म्हणालो. "असू द्या. कधी लागेल सांगता येत नाही," ती म्हणाली. हे वाक्य ध्यानात ठेवा.

मग एक दिवस मेधा ऑफिसातून दोन तिकिटं घेऊन आली. सूरला दरवर्षी दोन दिवसांचा संगीत-नृत्याचा मेळा भरतो. तिच्या सहकाऱ्याला जायला जमणार नव्हतं.

"आप्पा, वेस्टर्न स्विंग म्हणतात त्याला. अमेरिकेतल्या काउबॉय लोकांचं जुनं म्युझिक. तेलाच्या विहिरींवर काम करायला आलेल्या लोकांनी इथे सुरू केलं. गल्फभरातून माणसं येतात. तुम्ही फक्त ऐकायचं."

"आणि तुम्ही दोघं?"

"आमचं ऑडिट आहे. साळवी नेतील ना तुम्हाला!"

गणपत साळवी मूळचे गुहागरकडचे, बावीस वर्षं मस्कतजवळ बरकाला सुतारकामाचं दुकान. मेधाचं स्वयंपाकघर त्यांनीच केलेलं. त्या मेळ्याची नाचायची लाकडी जमीन दरवर्षी तेच नेऊन जोडतात, म्हणून गुरुवारी पहाटे त्यांचा पिकअप मागे फळ्यांची चळत लादून दारात आला.

"काकी, तुमी खिडकीकडं बसा. काकांना मधी घालूया, फळीसारखं."

मस्कत ते सूर हा रस्ता दोन-सव्वादोन तासांचा, गुळगुळीत आणि रुंद. कुरियातच्या आधी बोडक्या डोंगरांतून घाट उतरतो आणि मग डाव्या हाताला समुद्र लागतो, तो सूरपर्यंत सोडत नाही. वाटेत बिम्माला जमिनीत पडलेला एक प्रचंड खड्डा आहे, तळाशी हिरवंनिळं पाणी. बघायला पैसे पडत नाहीत, पण पायऱ्यांना गुडघे पडतात. मी वरूनच शाळेतल्या समुद्रावरच्या कवितांची उजळणी केली. सुमन खाली जाऊन पाण्यात पाय बुडवून आली. पेट्रोल पंपाजवळच्या टपरीवर कडक, दुधाळ करक चहा आणि गरम पराठा खाऊन घ्या. दोघांचं मिळून एका रियालच्या आत भागतं आणि पुढे दुपारपर्यंत भूक लागत नाही.

सुमनचं माहेर रत्नागिरीचं. त्यामुळे कुरियात ते सूर साळवी आणि ती फक्त माशांबद्दल बोलत होते. मी मध्ये फळीसारखा होतोच.

मेळ्याची जागा सूरच्या खाडीकाठी, जिथे अजून लाकडी गलबतं बांधतात त्या बाजूला. मोकळं अंगण, त्याच्या बरोबर मध्यभागी जुन्या गलबताची एक उंच डोलकाठी रोवलेली, आणि तिच्या टोकापासून चारी बाजूंना सावलीसाठी कापड ताणलेलं. या डोलकाठीभोवती साळवींनी फळ्या जोडायच्या होत्या.

पहिला खिळा मारण्याआधी ते घुटमळले. पिशवीतून नारळ काढला. "सवय हाय, काका. नारळाशिवाय कामाला हात लागत नाय. पण कुंकू विसरलो बगा."

सुमनने पर्स उघडली आणि माझ्याकडे पाहिलं. मी समुद्राकडे पाहिलं.

डोलकाठीच्या बुंध्याशी सुपारी ठेवली गेली, हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला. तिथल्या ओमानी पहारेकऱ्याने खोबरं हातावर घेऊन आनंदाने खाल्लं आणि आणखी मागितलं. संध्याकाळपर्यंत जमीन तयार झाली. सुपारी तेवढी बुंध्याच्या खाचेत राहिली. हीच सुपारी पुढे आमच्या संसाराच्या आड आली.

शुक्रवारी दुपारी, नमाज झाल्यावर, मेळा सुरू झाला. मोठ्या टोप्या, टोकदार बूट, झालरीचे शर्ट. गोरे होतेच, पण दुबईहून आलेले गोव्याचे दोन फिडलवाले होते, आणि ढोलाच्या काठ्या धरलेला एक सूरचाच सरकारी कारकून. मी मागच्या रांगेत खुर्ची धरली. आणि मग एका उंच, वाळक्या म्हाताऱ्याने पुढ्यात आडव्या ठेवलेल्या गिटारीवर पोलादी कांब घसरवली. काय सांगू! आमच्या तरुणपणी गणपतीच्या ऑर्केस्ट्रात एक जण अशीच गिटार मांडीवर घेऊन बसे आणि तिचा सूर लांबत, वळत, जणू कुणाला तरी पोहोचवायला वेशीपर्यंत जाई. मी डोळे पुसले. सुमन म्हणाली, "वाळू गेली का?"

तो म्हातारा म्हणजे वॉल्टर, मेळ्याचा कर्ताधर्ता. चाळीस वर्षं ओमानात, सगळी तेलाच्या विहिरींवर हिंदुस्थानी कामगारांबरोबर गेलेली. त्यामुळे त्याचं हिंदी आपल्यापेक्षा वाईट पण आपल्यापेक्षा धीट.

मध्यंतरात त्याने सगळ्या जोडप्यांना उभं राहायला सांगितलं. मी उभा राहिलो, राष्ट्रगीत असावं म्हणून. मग तो काहीतरी पुकारत गेला आणि जोडपी एकेक करून बसत गेली. पाच वर्षं, दहा, वीस. हे लग्नाच्या वर्षांचं चाललंय हे सुमनला तिसाव्याला कळलं, मला चाळिसाव्याला. पंचेचाळीसला समोरचं शेवटचं जोडपं हसत खाली बसलं.

"हाउ मेनी?" वॉल्टरने विचारलं.

"फॉर्टी सिक्स," सुमन ठणठणीत आवाजात म्हणाली.

टाळ्या पडल्या. आता मला परिस्थिती स्पष्ट झाली. सत्कार! मी शर्टाची वरची गुंडी लावली, खांदे शालीसाठी जरा पुढे झुकवले, आणि श्रीफळ घ्यायला दोन्ही हात तयार ठेवून पुढे गेलो. आभाराच्या चार ओळीही मनात जुळवल्या, अनुष्टुभात.

वॉल्टरने माझे पसरलेले हात पाहिले, त्याला वाटलं मी मिठी मारायला आलोय, आणि त्याने मारली. मग मालकाला हाक मारावी तसं म्हणाला, "अर्बाब, कल लास्ट डान्स तुम करता. तुम, मॅडम, पहला. पीछे सब लोग."

इथली चालच अशी होती. सगळ्यांत जुन्या लग्नाचं जोडपं शेवटच्या नाचाचं पुढारपण करतं. ते दोघं एक फेरी एकटे घेतात, मग बाकीचे मागे लागतात.

"नो, नो," मी म्हणालो. "माय वाइफ डज नॉट डान्स."

मागून सुमनचा आवाज आला. "मला विचारलंत?"

तिने एवढंच म्हटलं. पण जेवताना, एका मल्याळी खानावळीत सुरमईचं कालवण समोर असताना, पुढचं आलं. आमच्या लग्नाच्या पहिल्याच वर्षी बँकेच्या स्नेहसंमेलनात मॅनेजरसाहेबांनी जोडप्यांना गाण्यावर ताल धरायला बोलावलं होतं. मी तेव्हाही म्हणालो होतो, आमची ही नाचत नाही.

"मंगळागौरीच्या रात्री अख्खी आळी माझी फुगडी बघायला जमायची," सुमन म्हणाली. "तुम्ही मला कविता पुष्कळ ऐकवल्यात. पण तुमच्या वतीने मी कधी कुणाला सांगितलं का, की यांना कविता येत नाहीत म्हणून?"

"लोक काय म्हणतील, अशी भीती वाटली असेल तेव्हा."

"आता? इथे देवधर आहेत का?"

खरं सांगतो, मी त्या खानावळीत मागे वळून पाहिलं.

तर प्रश्न असा होता. शनिवारी मगरिबची, सूर्यास्ताची बांग व्हायच्या आत मेळा आवरतो, म्हणजे साडेपाचच्या आधी. तेवढ्या वेळात मला नाच यायला हवा होता. नाही तर सेहेचाळीस वर्षांत दुसऱ्यांदा मी तिच्या तोंडावर दार लावणार होतो. तिसरी संधी मिळेल असं आमचं वय नाही.

शनिवारी सकाळी वॉल्टर स्वतः शिकवायला आला. सुमनने दहा मिनिटांत पावलं उचलली. मी तिच्या पायांवर उभा राहिलो, वॉल्टरच्या बुटांवर उभा राहिलो, एकदा कसा कोण जाणे, माझ्याच पायावर उभा राहिलो.

"क्विक क्विक, स्लोऽ, स्लोऽ," वॉल्टर पुन्हा पुन्हा सांगत होता. साळवी फळीवर बसून चहा पीत होते. "काका, कमरंत वाळवी लागल्यागत करताव. सैल सोडा."

शेवटी वॉल्टरने कंटाळून पायातला बूट काढला आणि त्याच्या टाचेने फळीवर ठेका ठोकला. ट ट टाऽ टाऽ.

मी जागच्या जागी थांबलो.

दोन लघू, दोन गुरू. सगण आणि वर एक गुरू! हे मला साठ वर्षं येतंय! मी डोळे मिटले, पाध्ये मास्तरांचं टेबल समोर आणलं आणि मोठ्याने म्हणू लागलो, "ल ल गाऽ गाऽ, ल ल गाऽ गाऽ." पाय निघाले. सुमन माझ्याबरोबर निघाली. साळवींनी चहा खाली ठेवला. "आयला, काका निघाले की ओ!"

पाच पावलं आम्ही झोकात गेलो आणि सहाव्याला सुमन थांबली.

"हे कुठल्या बाजूने चाललोय आपण?"

या नाचात सगळ्यांनी मैदानाला घड्याळाच्या उलट दिशेने फेरी घालायची असते. त्याला नियमच आहे, रहदारीसारखा. म्हणजे मधली डोलकाठी सतत डाव्या हाताला राहते.

"ही उलटी प्रदक्षिणा झाली," सुमन म्हणाली. "सुपारी आहे तिथे. मी स्वतः कुंकू वाहिलंय. देवाला डाव्या हाताला ठेवून मी फेरी घालणार नाही."

"अगं, ती डोलकाठी आहे."

"गुरुवारी होती."

मी साळवींकडे पाहिलं. ते म्हणाले, "काकी बोल्तात त्यात खोटं नाय," आणि पुन्हा चहा उचलला. वॉल्टर विचारत होता, "क्या हुआ? मॅडम जालान?" म्हणजे रागावल्या का. नाही हो. रागावणं परवडलं असतं.

दुपारी सुमन गेस्टहाउसवर पडायला म्हणून गेली. मी मात्र एकटाच वॉल्टरकडे गेलो. मंडळी, मी बँकेत कधी रजा वाढवून मागितली नाही. हॉटेलात भाजी खारट असेल तर वेटरला सांगत नाही. अशा माणसाने एका अमेरिकन काउबॉयला विनंती केली, की तुमच्या देशातला नाच शेवटच्या एका गाण्यापुरता उलटा फिरवा.

त्याला सुपारी समजावायला वेळ लागला. देव उजव्या हाताला ठेवायचा, हे हातवाऱ्यांनी दाखवलं. तो बराच वेळ कांब पुसत बसला.

"हम और डोरा, पच्चीस बार लास्ट डान्स किया," तो म्हणाला. "डोरा मेरा मॅडम. हर बार बोलता, वॉल्टर, दूसरा साइड से चलो, उधर समुंदर दिखता. हम बोला, नो. रूल है." त्याने गिटारीवरून एक सूर ओढला आणि मधेच सोडला. "डोरा खलास. तीन साल. अभी हम सिर्फ बजाता."

कविता पाठ असून उपयोग नसतो अशा वेळा असतात.

"यल्ला, चलो," वॉल्टर म्हणाला. "आज रूल खलास."

पावणेपाचच्या सुमाराला त्याने मंचावरून जाहीर केलं, शेवटचा नाच उलट दिशेने. एकच गलका उडाला. एक टोपीवाले गृहस्थ हातवारे करून दिशांचा सराव करू लागले आणि स्वतःच्याच बायकोवर आदळले. सुमन या वेळी कुठे दिसत नव्हती. ती उगवली तेव्हा घोषणा होऊन गेली होती, आणि तिच्याबरोबर साळवी होते, दोघंही काहीतरी करून आल्यासारखे. मी तिला सांगितलं नाही. चकित करायचं होतं.

फिडल सुरू झाली. आमचं नाव पुकारलं. सगळे कडेला. फळ्यांवर आम्ही दोघंच. मी तिचा हात हातात घेतला, भर लोकांत, पहिल्यांदा. ल ल गाऽ...

मी उजवीकडे निघालो. ती डावीकडे निघाली. हात ताणले गेले, आम्ही रबरासारखे परत आलो आणि कपाळावर कपाळ आपटलं.

"कुठे निघालात?" ती कुजबुजली.

"तुझ्या बाजूने! सगळ्यांना फिरवलंय मी. तू कुठे?"

"तुमच्या बाजूने! मी आत्ताच उत्तरपूजा केली. अक्षता टाकून सुपारी काढून घेतली. ही बघा, पर्समध्ये आहे. देव मोकळा झाला!"

साठ-सत्तर माणसं वाट बघत होती. वाद्यं तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत होती. आणि आम्ही मध्यभागी एकमेकांच्या खांद्याला धरून हसत होतो. इतकं, की सुमनला उचकी लागली. लोकांना वाटलं नाचाचाच भाग आहे. दोन जोडपी कडेला कपाळाला कपाळ लावून पाहत होती.

"आता?" ती म्हणाली.

"तू सांग."

तिने एकदा डोलकाठीकडे पाहिलं, एकदा खाडीकडे. "वळवलंयत ना सगळ्यांना? मग तुमचा शब्द राहू दे."

ट ट टाऽ टाऽ. निघालो. एक फेरी आम्ही एकट्याने पुरी केली. तीन ठिकाणी चुकलो, तीनही मी. मग मागून टोप्या, झालरी, बूट, गोवेकर, दुबईकर, सगळे उजव्या हाताला डोलकाठी ठेवून फिरू लागले. साळवींनी सवयीने हात जोडले आणि मग इकडेतिकडे बघून खिशात घातले. एका वळणावर अचानक समोर खाडी आली, उतरत्या उन्हात, पलीकडच्या दीपगृहासकट. वॉल्टरही वाजवता वाजवता तिकडेच पाहत होता. गाणं संपलं, आणि थोड्याच वेळात गावातून बांग ऐकू आली.

जाणाऱ्यांसाठी उरलेलं सांगून टाकतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा काळ. सूरला खाडीकाठी साधी गेस्टहाउसं मिळतात. निघताना हलवा घ्या. आणि पर्समध्ये सुपारी असावी, एवढं मी आता मान्य करतो.

सांगलीला येऊन आता महिना होत आला. काय राहिलं? समुद्राचा निळा रंग आठवायला फोटो बघावा लागतो. पण फळ्यांवरचा तो ताण, दोघांनी एकमेकांसाठी चुकीच्या दिशेला ओढलेला, तो दंडात अजून आहे. वॉल्टरने मोबाइलवर त्या गाण्याचं ध्वनिमुद्रण पाठवलंय. रोज चारनंतर आम्ही दिवाणखान्यातल्या खुर्च्या भिंतीला लावतो. मध्ये स्टूल, स्टुलावर ती सुपारी. सम तारखांना उजवीकडून फिरायचं, विषम तारखांना सुमन तिला पर्समध्ये घालते आणि आम्ही डावीकडून फिरतो. पहिल्या दिवशी देवधरांची काठी छताला अकरा वेळा लागली. दुसऱ्या दिवशी सहा. मग आलीच नाही. त्यानेच मला धास्ती बसली. सोसायटीकडे अर्ज गेला असणार.

काल गाणं अर्ध्यावर असताना बेल वाजली. मी माफीची वाक्यं जुळवत दार उघडलं.

दारात देवधर नव्हते. त्यांच्या पत्नी होत्या. हातात पिशवी नव्हती, केसांत अबोलीचा गजरा होता. त्यांनी जिन्याकडे एकदा वळून पाहिलं आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा बोलल्या.

"ते खाली बूट शोधताहेत. सापडले की येतील. तोवर मला सांगा, पहिलं पाऊल कुठलं?"